सहाच्या आधी अडकवलेली पाटी

खामगावच्या एसटी स्टँडवर अण्णा, म्हणजे माझे वडील, मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या अंगावर कॉलेजचा खाकी गणवेश होता. त्यांनी रजा टाकली नव्हती, प्राचार्यांना सांगून तासाभरासाठी आले होते. माझी मोठी बॅग त्यांनी मला हात लावू दिली नाही. वस्तीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. विहारातल्या बायांनी हार आणले होते आणि प्रत्येक जण काही ना काही सांगत होता. फोटो पाठव, छातीला जप, पोचल्यावर फोन कर. कंडक्टरनं घंटी मारल्यावर अण्णा माझ्या खिडकीपाशी आले, गज धरला आणि म्हणाले, "कुणाच्या दारात झाडू हाती धरायची वेळ स्वतःवर येऊ देऊ नको. बाकी काही झालं तरी चालते."

गाडी हलली. त्यांना जे सांगायचं होतं ते मला समजलं, असं मी तेव्हा धरून चाललो.

त्यांची आई, माझी आजी, गावाची चावडी आणि पाटलाचं अंगण झाडायची. ते काम तिला कुणी विचारून दिलेलं नव्हतं. ते आमच्या घराण्याकडे होतंच. त्याबद्दल शिळी भाकर मिळायची. अण्णा त्यातून निघाले, खामगावला कॉलेजात शिपाई झाले आणि नऊ वर्षं वर्गखोल्या झाडून मग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट झाले. त्या दिवशी त्यांनी घरी पेढे आणले होते. मी तेव्हा सातवीत असेन.

हे सगळं मी लिहितोय ते दोन प्रकारच्या लोकांसाठी. एक तुम्ही, वस्तीतले, ज्यांना मी आजवर फक्त चांगले फोटो पाठवले. आणि दुसरे तुम्ही, जे माझ्यामागून इकडे यायला निघालात आणि ईमेलवर विचारता की थंडीचे कपडे तिथूनच आणावेत का. कपड्यांचं मी सांगितलंय. हे सांगायचं राहिलं होतं.

मी जर्मनीत नेकारसुल्मला आलो तो गाड्यांच्या दारांना जे रबर लावतात त्याची चाचणी करायला. कारखाना मोठा, पण मी त्याला माल पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो. काम असं की उणे तीस अंशांच्या बंद खोलीत गाडीची दारं उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची आणि रबर कुठे तडकतं ते लिहून ठेवायचं. घर मात्र मला सात किलोमीटरवरच्या एका खेड्यात मिळालं. सकाळची पाळी सहाला सुरू व्हायची आणि खेड्यातून पहिली बस सव्वासहाला निघायची. कारचं लायसन्स इथे नव्यानं काढावं लागतं. मी परीक्षेला बसलो आणि नापास झालो.

तेव्हा त्याच घरात तळमजल्यावर राहणाऱ्या हेर, म्हणजे श्रीयुत, क्नाप यांनी मला मोफा दिली. मोफा म्हणजे इंजिन बसवलेली सायकल. पायडल असतात, ताशी पंचवीसच्या वर जात नाही, आणि छोटीशी लेखी परीक्षा दिली की चालवता येते. त्यांच्याकडे दोन होत्या, त्यातली जुनी त्यांनी मला विकली. हेर क्नाप सत्तरीचे होते. उभं आयुष्य त्यांनी तिथल्याच मिठाच्या खाणीत काढलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. गावाबाहेर एका शेडमध्ये त्यांचे नऊ ससे होते आणि रोज सकाळी सातला ते मोफावरून त्यांना चारा घालायला जात.

गावी फोनवर सांगितलं तेव्हा माझा धाकटा भाऊ हसत सुटला. "एवढ्या गाड्या बनवतो दादा, अन् स्वतः सायकलवर?" मीही हसलो. पण पहिला बर्फ पडला तेव्हा हसू आलं नाही. घरापासून पन्नास मीटरवर मी आडवा झालो. हेर क्नाप खिडकीतून बघत होते. ते चपला घालून बाहेर आले, आधी मोफा उचलली, मग मला म्हणाले, "सीट खाली कर. दोन्ही पाय जमिनीला पोचले पाहिजेत. पायडल विसर. पुढच्या ब्रेकला हिवाळाभर हात लावायचा नाही, तो तिथे नाहीच असं समज."

त्या हिवाळ्यात त्यांनी मला बर्फातली मोफा शिकवली. चाकातली हवा थोडी कमी करायची, म्हणजे टायर पसरून धरून ठेवतो. ताज्या बर्फाला भ्यायचं नाही. कुणीतरी आधी तुडवून गेलेल्या, रात्रीत गोठलेल्या बर्फाला भ्यायचं. वळणावर अंग झुकवायचं नाही. इंजिन सुरू होत नसेल तर प्लग काढून घरात नेऊन गरम करायचा. जॅकेटच्या आत छातीवर जुनं वर्तमानपत्र घालायचं. सगळ्या उपदेशांच्या शेवटी ते म्हणायचे, "घाई केलीस की पडलास. गेनाऊ." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. पहाटे पाचला मी त्या द्राक्षमळ्यांमधल्या वाटेनं निघायचो, दोन्ही पाय नांगरासारखे खाली सोडून. हेल्मेटच्या काचेवर माझाच श्वास धरायचा, काच वर केली की डोळ्यांतून पाणी यायचं. चाळीस मिनिटांनी कामावर पोचायचो आणि उणे तीसच्या खोलीत शिरायचो. त्या वर्षांचा मला आठवतो तो मुख्यतः थकवा. झोपून न जाणारा.

आता घराबद्दल. स्वाबियात, म्हणजे जर्मनीच्या या भागात, एक पद्धत आहे: केरवोखे. नाव ऐकून आपलंच वाटतं, आणि अर्थही तोच, झाडण्याचा आठवडा. घरात जितकी बिऱ्हाडं, तितक्या पाळ्या. ज्याचा आठवडा असेल त्याच्या दारावर एक लाकडी पाटी अडकवलेली असते. त्यानं जिना झाडायचा, पुसायचा, बाहेरचा फुटपाथ झाडायचा आणि हिवाळ्यात बर्फ काढून वाळू टाकायची. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी पाटीवाल्याची. आठवडा संपला, रविवारी संध्याकाळी चर्चच्या घंटेनं सहा वाजवले, की पाटी शेजारच्या दारावर जाते. आमच्या घरात चार बिऱ्हाडं होती. आम्ही, हेर क्नाप, वर एक दातांचे डॉक्टर आणि घरमालकीण फ्राऊ श्टोल. चौघांचीही पाळी सारखी. डॉक्टर टाय लावून जिना पुसताना मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

पहिल्यांदा ती पाटी आमच्या दारावर आली तेव्हा माझी बायको सुनंदा नुकतीच वाशीमहून आली होती. मी तिला अण्णांचं वाक्य सांगितलं. जरा मोठं करूनच सांगितलं असणार. ती म्हणाली, "एवढंच ना? मी करते की."

आणि मी करू दिलं. बी.एस्सी. बी.एड. झालेली माझी बायको दीड वर्ष आमच्या वाट्याचा जिना पुसत होती, फुटपाथ झाडत होती. फ्राऊ श्टोल मला थांबवून सांगायच्या की तुमच्या बायकोसारखं इथे कुणी झाडत नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. अण्णांना दिलेला शब्द मी पाळतोय असं मी समजत होतो. झाडू माझ्या हातात नव्हता. तो तिच्या हातात होता, हे मी धरलंच नाही.

मग तिला दिवस गेले. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वाकायचं नाही, बर्फात उतरायचं नाही. त्या हिवाळ्यात झाडू आणि बर्फाचं फावडं माझ्याकडे आलं. मी कॉलर वर करून, रस्त्यावर कुणी नसताना ते काम उरकायचो. प्रत्येक वेळी मनात आजी यायची, चावडी यायची. एक सांगतो, त्यात बरंही वाटायचं. अंगातला कंटाळा असा मोठ्या नावाखाली झाकून टाकता येतो.

आमच्या आठवड्याचा तो शेवटचा दिवस, रविवार होता. शनिवारभर बर्फ पडला होता आणि रविवारी दुपारी ऊन पडून त्याचा चिखल झाला. सुनंदा खिडकीशी बसली होती.

"अहो, फाटकाच्या उतारावर सगळं पाणी झालंय. संध्याकाळी गोठेल ते."

"बघतो."

"बघतो म्हणजे किती वाजता?"

मी सोफ्यावर आडवा होतो. आठवडाभर पहाटे पाचला निघालो होतो. म्हणालो, "तुला माहीत आहे मला त्या कामाचं काय होतं ते. अण्णांनी निघताना काय सांगितलं होतं..."

"अण्णांनी मला काही सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून दीड वर्ष मी झाडलं. हो ना?"

मला राग आला. खरं ऐकल्यावर येतो तसला. मी उठलो, बाहेर गेलो, दारावरची पाटी काढली आणि पायमोज्यांवरच जिना उतरून ती हेर क्नाप यांच्या दारावर अडकवली. साडेपाच वाजले होते. चर्चची घंटा व्हायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात उतारावरचा चिखल फावड्यानं बाजूला करून वाळू टाकता आली असती. वीस मिनिटांचं काम होतं. मी वर आलो.

"झालं?" सुनंदानं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

सोमवारी माझी पाळी दुपारची होती. सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. खालून हेर क्नाप यांची मोफा सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज मला झोपेतही ओळखू यायचा. तो फाटकापर्यंत गेला आणि मग लोखंड आपटलं. इंजिन तसंच ओरडत राहिलं.

ते उतारावर कुशीवर पडले होते. मोफा त्यांच्या पायावर, मागचं चाक फिरतंय. मी इंजिन बंद केलं. तेवढ्या चार पावलांत मीही दोनदा घसरलो, इतका तो उतार काचेसारखा गोठला होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला म्हणाले, "पाटी माझ्या दारावर होती. आधी वाळू टाकायला हवी होती मी. आधी सशांकडे जाऊन येतो म्हटलं. मूर्ख म्हातारा."

अॅम्ब्युलन्स आली. खुब्याचं हाड मोडलं होतं. फ्राऊ श्टोल गाऊनवर कोट चढवून जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी हेर क्नाप यांच्या दाराकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे त्यांचाच आठवडा. बिचारा."

तोंड उघडायला चांगली संधी होती. मी ती जाऊ दिली. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तेव्हा ऑफिसात पडून होता. परका माणूस, कायद्यानं जबाबदार, बायको सातव्या महिन्यात, हे सगळं डोक्यात आलं. पण ते सगळं नंतर आलं. आधी आली ती फक्त भीती, शाळेत काच फुटल्यावर येते तशी. जिन्याच्या वरच्या पायरीवर सुनंदा उभी होती. संध्याकाळी ताट वाढताना तिनं विचारलं, "काल 'झालं' म्हणालात, ते काय झालं होतं?"

मी तिला सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि आत जाऊन झोपली.

हेर क्नाप यांना दवाखान्यात भेटायला गेलो तर त्यांनी मला सशांच्या शेडची किल्ली दिली. दुसरं कोण होतं त्यांना? एक बहीण, तीही दूर उत्तरेत. "बर्फात मोफा चालवता येणारा गावात तूच एक उरलास," ते म्हणाले. त्यांना त्याचा केवढा आनंद होता! मी गवत आणि गाजरं मागच्या कॅरियरला बांधून रोज शेडवर जायचो. सकाळची पाळी असली तर त्याआधी चारला उठून. त्या फेऱ्यांमध्ये मी एकदाही पडलो नाही. त्यांनी शिकवलेलं सगळं अचूक जमत होतं. ससे जाळीला नाक लावून वाट बघत असायचे. मी त्यांचं पाणी बदलायचो, वरचा बर्फाचा पापुद्रा फोडून. दर दोन दिवसांनी दवाखान्यात जाऊन सांगायचो की सगळे ठीक आहेत, आणि ते दर वेळी म्हणायचे, "चूक माझीच. पाटी दिसत होती मला."

तीन आठवडे मी ते ऐकलं.

अण्णांना मी फोनवर सांगितलं ते हलकं व्हायला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं की ते तरी समजतील. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "अण्णा, तुम्हीच म्हणाला होता ना..."

"काय म्हणलो होतो म्या?"

"कुणाच्या दारात झाडू हाती धरू नको म्हणून."

"मंग? ते कुणाचं दार होतं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू राहतो त्या घराचं दार कुणाचं असते? आपलं अंगण म्या रोज सकाळी झाडतो, ते तुले कधी दिसलं नाही का? अन् तिथं डॉक्टरबी झाडते म्हणलास ना? मालकीणबी?"

"हो."

"माह्या मायनं जन्मभर गाव झाडलं. पाटलाची पाळी कधी आली का? एक दिवस तरी? नाही आली. म्हणून म्या तसं म्हणलो होतो. जिथं सगळ्याइची पाळी येते, तिथं तू पाटील झालास."

फोनवर नुसता घरघर आवाज येत होता.

"तुले थंडी वाजत होती, कंटाळा आला होता, असं सांग," अण्णा आवाज जरा खाली आणून म्हणाले. "माणूस आहे, कंटाळा येते. पण माह्या मायचं नाव कायले घेतो त्यात?"

"आता काय करू?"

"जा त्या बुढ्याकडे अन् जे केलं ते सांग. आणखी काय करतात?"

तोपर्यंत हेर क्नाप यांना दवाखान्यातून चालण्याच्या व्यायामासाठी दुसऱ्या गावी, वीसेक किलोमीटरवर, एका आरोग्यकेंद्रात हलवलं होतं. रविवारी तिकडे बस नव्हती. मी मोफा काढली. ओला, जड बर्फ पडत होता आणि रस्ता टेकड्यांमधून वरखाली जात होता. चढावर चाक जागीच फिरायचं, मी उतरून ढकलायचो. उतारावर पाय सोडून, जीव मुठीत धरून सरकायचो. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा रस्त्याकडेच्या बर्फात जरा वेळ तसाच पडून राहिलो. खाली मऊ होतं, आणि खरं सांगतो, उठावंसं वाटलं नाही. माघारी जाऊन 'रस्ता बंद होता' म्हणता आलं असतं. कुणी विचारलंही नसतं. मागून एक गाडी आली, बाईनं काच खाली करून विचारलं, ठीक आहात का. त्या लाजेनं उठलो.

ते जेवणघरात खिडकीशी बसले होते, शेजारी चालायचा वॉकर. मला बघून त्यांचे डोळे चमकले. "या हवेत? मोफावर? किती वेळा पडलास?"

"दोनदा."

"दोनदाच! ससे कसे आहेत?"

"ठीक आहेत. हेर क्नाप, ती पाटी..." जर्मन वाक्य मी वाटेभर घोकलं होतं, ते सगळं निसटलं. "रविवारी पाटी मी सहाच्या आधी लावली. आठवडा माझा होता. उतारावरचं काम मी केलं नव्हतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"किती वाजता लावलीस?"

"साडेपाचला."

"पाटी सहाला लावतात."

"हो."

"आणि तीन आठवडे तू भेटायला येऊन ऐकून घेत होतास. चूक माझी आहे म्हणून."

"हो."

मग त्यांनी हात पुढे केला, तळवा वर. "किल्ली द्या."

त्या वाक्यापासून मी त्यांच्यासाठी 'तुम्ही' झालो.

मी किल्ली दिली. "आणि मोफा?" मी विचारलं. तीही परत द्यावी असं मला खरंच वाटत होतं.

"ती तुम्ही विकत घेतली आहे. ती तुमची," ते म्हणाले आणि चमचा उचलला.

घरी येऊन मी फ्राऊ श्टोल यांनाही सांगितलं. त्या 'आल्झो', म्हणजे 'असं तर', म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पुढे विम्याच्या कागदांवर मी खरं तेच लिहिलं. मला भीती होती तसं काही झालं नाही. अर्जही यथावकाश मंजूर झाला. ससे हेर क्नाप यांच्या बहिणीनं कुणाला तरी देऊन टाकले. मार्चमध्ये आमची मुलगी झाली.

एप्रिलमध्ये हेर क्नाप काठी घेऊन घरी आले. गावात सगळे सगळ्यांना भेटल्यावर 'मॉर्गन' म्हणतात, आपल्या नमस्कारासारखं. ते मला बघून फक्त मान हलवायचे. त्यांचा आठवडा आला तेव्हा मी पाटी आमच्याच दारावर ठेवली आणि गुपचूप त्यांचं काम केलं. बरं वाटलं. पुढच्या वेळीही तसंच केलं. तर सोमवारी सकाळी दार वाजलं. ते काठी टेकत चौदा पायऱ्या चढून आले होते, घाम आला होता.

"माझी पाटी," ते म्हणाले.

"हेर क्नाप, मी करतो ना. मला करू द्या."

"माझा आठवडा माझा. तुमचा तुम्ही करा."

पाटी काखेत मारून ते उतरले. मग कठड्याला एका हातानं धरून त्यांनी जिना झाडला, फुटपाथ झाडला. तासभर लागला. मी पडद्याआडून बघत होतो. खाली जायला उठलो तर सुनंदा मुलीला पाजता पाजता म्हणाली, "बसा. ते तुमच्यासाठी झाडत नाहीयेत."

असं दीड वर्ष गेलं. माझ्या आठवड्यात मी झाडत होतो, दिवसाउजेडी, कॉलर खाली करून. त्यांच्या आठवड्यात ते. पाटी दर रविवारी सहाला हलायची. आमच्यात दुसरं बोलणं नव्हतं. सकाळी मी मोफा सुरू करायचो तेव्हा त्यांच्या खिडकीतला दिवा लागलेला असायचा. स्वतः ते पुन्हा मोफावर बसले नाहीत.

मग मला त्सुफेनहाउझेनला चांगली नोकरी मिळाली. डिसेंबरात एका बुधवारी आम्ही घर सोडलं. सामानाची गाडी भरली. मोफा तेवढी नेकारसुल्मला जुन्या कंपनीच्या सायकलस्टँडवर ठेवून आलो, नंतर बघू म्हणून. फ्राऊ श्टोल यांनी मुलीला खाऊ दिला. निघताना हेर क्नाप दारात आले.

"आठवडा तुमचा आहे," ते म्हणाले.

"हो."

"रविवारपर्यंत."

"अहो, जाऊ दे आता," फ्राऊ श्टोल म्हणाल्या. "मी झाडीन चार दिवस." हेर क्नाप आत गेले.

गाडीत सुनंदाला मी म्हणालो, "आता तिथे आपलं काय राहिलंय?" ती मागे बघत होती. "तुम्हीच ठरवा," म्हणाली.

रविवारी दुपारी मी ट्रेननं नेकारसुल्मला गेलो. बर्फ पडून गेला होता, ताजा, पायाखाली करकरणारा. मोफा दहा मिनिटं पायडल मारल्यावर सुरू झाली. द्राक्षमळ्यांच्या खालच्या रस्त्यानं, दोन्ही पाय सोडून, मी त्या खेड्यात गेलो. आमच्या खिडक्यांना पडदे नव्हते. तळघरातून झाडू, फावडं काढलं. फुटपाथ साफ केला, उतार साफ केला, वाळू टाकली, जिना वरपासून खालपर्यंत झाडून पुसला. आता ते खरोखर दुसऱ्याचं दार होतं. अण्णा आठवले, आणि मला त्यात काही अडलं नाही. मग पाटी हातात धरून खालच्या पायरीवर बसून राहिलो. फरशी ओली होती, गार लागत होती. पाठ दुखत होती. पावणेसहा वाजले होते.

घंटेचे सहा ठोके पडले तेव्हा उठलो आणि हेर क्नाप यांच्या दारावर पाटी अडकवली.

दार उघडलं. ते पाटीकडे बघून मान हलवून आत वळले, आणि थांबले.

"खालच्या रस्त्यानं आलास?"

"हो."

"जाताना तिथून जाऊ नकोस. पुलावर बर्फ धरलाय, संध्याकाळी तो दिसत नाही. वरून जा, मळ्यांच्या डोक्यावरून. लांब पडेल."

आणि दार लावलं.

आता आम्ही राहतो त्या इमारतीत बर्फ काढायला एक कंपनी येते. जिना कोण पुसतं ते मला माहीत नाही. घर चांगलं आहे, लिफ्ट आहे. मुलगी मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तुमच्यातले बरेच जण विचारतात की आता घर म्हणजे कुठलं वाटतं, तिथलं की इथलं. मला नीट सांगता येत नाही. इथल्या शेजाऱ्यांच्या लेखी माझं आजवर काहीच चुकलेलं नाही, आणि म्हणूनच की काय, इथे मला पाहुण्यासारखं वाटतं. खामगावला अण्णा आहेत आणि त्या खेड्यात तळमजल्यावर हेर क्नाप. मी कसा आहे हे दोघांनाही पुरतं ठाऊक आहे. माफ केलं असं दोघांपैकी कुणीही म्हटलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी वरच्या वाटेनं गेलो. खरंच लांब पडली. शेवटची ट्रेन गाठायची नव्हती, घाईही नव्हती. मळ्यांच्या डोक्यावरून खाली पुलाकडे पाहिलं तर दिव्यांच्या उजेडात तो साधा, कोरडा वाटत होता. मी पाय खाली सोडून, हळूहळू, त्यांनी सांगितलेल्या बाजूनं उतरत राहिलो. मी नीट पोचावं असं तिथे कुणाला तरी वाटत होतं.